उपरा कोण, हे आधी जमिनीला विचारा

‘कोकणी माणूस मुळातच उपऱ्याला पाण्यात पाहतो’ असं म्हटलं जातं, ते पटलं नाही. खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राबणारं कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारं कुटुंब, स्वतःच्याच गावात उपरं होतं, त्याचं काय? अलिबागजवळ चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने संप केला. १९३३ ते १९३९ शेतं पडीक राहिली, तेव्हा कुठे सरकार हललं. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मग कूळकायद्याने ठरवलेला १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या तारखेला कसणारं कूळ मालक मानलं गेलं, पण कूळ असल्याचा पुरावा आणायचा कुठून? खंडाची, म्हणजे जमीन कसण्यासाठी दिलेल्या मोबदल्याची, पावती देणारे खोत असे होते तरी किती! सातबाऱ्यावर नाव न लागलेले राहूनच गेले.

अशा घराची पाखाडी, म्हणजे जायची-यायची वाट, उद्या बाहेरून येऊन बंगला बांधणाऱ्या कुणी दगडी गडगा घालून अडवली तर भांडण होणारच. आणि खरं सांगू का, बंगलेवाल्याला गाव तोंडावर ‘साहेब’च म्हणतं. संशय असतो तो आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी गड्यावर. चोरी झाली की पहिली विचारणा त्यालाच.