बीजभाषणाचा मान कुणाला : पुढच्या खेपेच्या इच्छुकाला की निरिच्छ माणसाला?

जुनापुराणा
अमेरिकेत दर चार वर्षांनी डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांची अधिवेशनं भरतात. उमेदवार कोण हे प्रायमरीतच, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीतच, ठरून गेलेलं असतं, त्यामुळे हल्ली अधिवेशन म्हणजे चार रात्रींची टीव्हीवरची जाहिरात. त्यातल्या बीजभाषणासाठी, म्हणजे अधिवेशनाचा सूर लावणाऱ्या मुख्य भाषणासाठी, माणूस निवडते उमेदवाराची प्रचारयंत्रणा, आणि तिथेच ती वारंवार फसते असं माझं मत आहे. ज्याला पुढेमागे स्वतःच अध्यक्ष व्हायचंय त्याच्या हाती हा माईक देऊ नये.

२०१२ चं रिपब्लिकनांचं टॅम्पा अधिवेशन आठवा. उमेदवार मिट रॉम्नी, बीजभाषण न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांचं. बोलायला फर्डा गडी. सुरुवात आईपासून : लोकांचं प्रेम की मान अशी वेळ आली तर मान निवड, ही तिची शिकवण. मग न्यू जर्सीचं अंदाजपत्रक कसं ताळ्यावर आणलं, शिक्षक संघटनांशी कसे भिडलो, हे सगळं साग्रसंगीत. रॉम्नींचं नाव तोंडात येईपर्यंत निम्म्याहून जास्त भाषण उरकलं होतं. वरात रॉम्नींची आणि घोड्यावर ख्रिस्ती! चार वर्षांनी ते स्वतः उभे राहिले आणि न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीनंतर गाशा गुंडाळून घरी गेले, हा भाग वेगळा.

याउलट १९७६, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. डेमोक्रॅट्सनी एकाच रात्री दोन बीजभाषणं ठेवली होती. आधी जॉन ग्लेन, अंतराळातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकन, तेव्हा ओहायोचे सिनेटर. जिमी कार्टर यांच्या संभाव्य उपाध्यक्षांच्या यादीत त्यांचं नाव होतं. म्हणून की काय, प्रत्येक वाक्य तोलूनमापून. सभागृहात लोकांच्या गप्पा चालूच. मग ह्यूस्टनच्या खासदार बार्बरा जॉर्डन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, पक्षाचं पहिलं अधिवेशन १४४ वर्षांपूर्वी भरलं, तेव्हापासून हे असंच चालत आलंय. पण आज काहीतरी वेगळं आहे. वेगळं काय? तर मी, बार्बरा जॉर्डन, बीजभाषण करते आहे. कृष्णवर्णीय, स्त्री, हे शब्द त्या वाक्यात नाहीत. गरजच नव्हती. सभागृह उठून उभं राहिलं. ग्लेन यांच्याऐवजी उपाध्यक्षपदाची माळ पडली वॉल्टर माँडेल यांच्या गळ्यात.

बोलणाऱ्याला स्वतःसाठी काही नको असेल तरच समोरचा ऐकतो. मतं येऊ द्या.

मुक्काम बॉस्टन
साफ असहमत. एका वर्षाने तुमचा सिद्धांत झोपतो : २००४.

जॉन केरी उमेदवार, अधिवेशन आमच्या गावात. बीजभाषणासाठी कोण निवडला? इलिनॉयच्या राज्य विधिमंडळाचा सदस्य. वॉशिंग्टनला अजून पोचलेलाही नाही, सिनेटची निवडणूक लढवतोय, नाव बराक ओबामा. त्या रात्री एबीसी, सीबीएस, एनबीसी या तीन मोठ्या वाहिन्यांनी अधिवेशन दाखवलंसुद्धा नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर नाहीतर केबलवर. तरी दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच चर्चा. केरी हरले, आणि चार वर्षांनी पक्षाला अध्यक्ष मिळाला. ओबामांना काही नको होतं म्हणता? महत्त्वाकांक्षा नसलेला माणूस सिनेटला उभा राहतो का?

आणि जॉर्डनबाईंचं म्हणाल तर त्या भाषणानंतर त्यांचंही नाव उपाध्यक्षपदासाठी घेतलं गेलं. त्यांनी नको म्हटलं, पण घेतलं तर गेलं. तेव्हा निरिच्छ वगैरे आपण मागाहून लावलेली लेबलं. ग्लेन यांचं भाषण पडलं कारण ते वक्ते नव्हते. एवढं साधं आहे हो.

तिरकस
या सगळ्या खटाटोपाने एक तरी मत फिरतं का, हे कुणी सांगेल?

१९८४, सॅन फ्रान्सिस्को. डेमोक्रॅट्सचं बीजभाषण न्यू यॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांचं. राष्ट्राध्यक्ष रेगन सांगायचे, अमेरिका म्हणजे डोंगरावरचं झळाळतं शहर. कुओमोंनी थेट त्यांनाच उद्देशून सांगितलं की राष्ट्राध्यक्षमहाराज, तुमच्या बंगल्याच्या व्हरांड्यातून दिसत नसेल, पण या शहराला दुसरी बाजूही आहे. लोक रडले. नोव्हेंबरात डेमोक्रॅट्सचे उमेदवार माँडेल ४९ राज्यं हरले. १९८८, अटलांटा. टेक्सासच्या खजिनदार ॲन रिचर्ड्स. रिपब्लिकन उमेदवार थोरल्या बुश यांना उद्देशून म्हणाल्या, बिचारा जॉर्ज, त्याचा काय दोष, जन्मतःच चांदीचा पाय तोंडात घेऊन आलाय (इंग्रजीत श्रीमंत तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मतो आणि भलतंच बोलणारा स्वतःचा पाय तोंडात घालतो). हसून हसून मुरकुंडी. नोव्हेंबरात बुश यांनी ४० राज्यं जिंकली.

उत्तम बीजभाषण आणि दणदणीत पराभव हे एकाच ताटात जेवतात असं दिसतंय. पॉपकॉर्न आणा आणि बघा.

जुनापुराणा
@मुक्काम बॉस्टन, ओबामांना महत्त्वाकांक्षा नव्हती असं मी म्हणत नाही. पण ते इतके कनिष्ठ होते की केरींशी बरोबरी करण्याचा प्रश्नच नव्हता. भाषणातली एक ओळ केरींच्या भाषणाशी जुळते म्हणून ती काढा, असं केरींच्या माणसाने सांगितलं आणि ओबामांना चरफडत का होईना ती काढावी लागली. ख्रिस्तींना असं सांगायची कुणाची टाप होती?

आणि तुमच्या उदाहरणातच माझं उत्तर आहे. त्या अधिवेशनातलं केरींचं काय आठवतं? सलाम ठोकून ‘कामावर रुजू होतोय’ म्हणाले, बास. ज्याच्या लग्नाला गेलो त्याचं नाव विसरलो आणि करवल्याचं लक्षात राहिलं. पैसे केरींच्या देणगीदारांचे, सभागृह केरींचं, फायदा दुसऱ्याचा.

@तिरकस, कुओमो पुढे अध्यक्षपदासाठी उभे राहिलेच नाहीत. १९९१ च्या डिसेंबरात उमेदवारी अर्ज भरायला त्यांना न्यू हॅम्पशायरला न्यायला विमान तयार ठेवलं होतं, ते गेलेच नाहीत. म्हणजे तो माणूस माझ्या बाजूचा.

तिरकस
उभे राहिले नाहीत हे १९९१ मध्ये कळलं. १९८४ मध्ये निवडणाऱ्याला काय ज्योतिष येत होतं?

निशिगंधा
दोघंही बोलणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर भांडताय. निवडणारे ते बघतच नाहीत. ते बघतात, आपल्याकडे काय कमी आहे.

१९८४ मध्ये डेमोक्रॅट्सनी जेराल्डिन फेरारो यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. मोठ्या पक्षाची पहिली स्त्री उमेदवार. रिपब्लिकनांनी महिन्याभरात डॅलसमध्ये बीजभाषणाला कुणाला उभं केलं? कॅथरिन ऑर्टेगा. देशाच्या ट्रेझरर, डॉलरच्या नोटांवर त्यांची सही असायची. स्त्री आणि हिस्पॅनिक, दोन्ही रकाने एका सहीत भरले. १९९६ मध्ये बॉब डोल उमेदवार असताना सॅन डिएगोत सुझन मोलिनारी. पक्षाचा जाहीरनामा गर्भपाताच्या विरोधात, बाई गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या. त्यावर चकार शब्द नाही, तान्ह्या मुलीवर मात्र कॅमेरा. पुढच्याच वर्षी काँग्रेसमधलं, म्हणजे तिथल्या संसदेतलं, पद सोडून त्या सीबीएसवर सूत्रसंचालक झाल्या! बाईंना दोष देत नाही मी. पक्षाला जेवढं हवं होतं तेवढं त्यांनी दिलं, पक्षाने त्यांचं काय ऐकलं ते सांगा.

म्हणून मला वाटतं निकष एकच असावा : ज्याला बोलावताय त्याच्या मताला जाहीरनाम्यात जागा आहे का? नसेल तर नुसता चेहरा मागू नका.

मुक्काम बॉस्टन
निशिगंधाताई, हे मात्र पटलं नाही. चेहऱ्याचाही उपयोग असतो. १९६८, शिकागो. बाहेर रस्त्यावर पोलीस व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांना झोडपताहेत आणि आत बीजभाषण करताहेत हवाईचे डॅनियल इनौये. जपानी वंशाचा माणूस, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून लढताना उजवा हात गमावलेला. त्यांचं युद्धाबद्दलचं मत जाहीरनाम्यात बसतं की नाही हे कोण बघत बसलं? एका आशियाई वंशाच्या माणसाला तिथे उभं केलं, हेच पुढच्या पिढ्यांना पुरलं.

निशिगंधा
पुरलं? २०१२ ला हुलियान कास्त्रो यांना उभं केलं तेव्हा डेमोक्रॅट्सचे पहिले लॅटिनो बीजवक्ते म्हणून केवढी मिरवणूक काढली. त्याआधी पक्षाला चेहरा सापडत नव्हता का? दर वेळी ‘पहिले’, ‘पहिल्या’. दुसऱ्या-तिसऱ्याची पाळी कधी?

ओहायोकर
आमच्या ग्लेनसाहेबांवर सगळे तुटून पडलेत म्हणून लिहितोय. ते चार वेळा सिनेटवर निवडून गेले, ओहायोला त्यांच्या भाषणकलेची गरज पडली नाही.

मूळ मुद्दा. जुनापुराणांचं म्हणणं उलटं करून बघा. १९४८, फिलाडेल्फिया. दोन्ही पक्षांनी तेच शहर घेतलं कारण टीव्हीची कोॲक्सिअल केबल तिथून जात होती. जुलैचा उकाडा, त्यात टीव्हीचे दिवे. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन हरणार हे त्यांच्याच पक्षाने गृहीत धरलेलं, प्रतिनिधी मरगळलेले. केंटकीचे सिनेटर ॲल्बेन बार्कली सत्तर वर्षांचे, त्यांना उपाध्यक्षपद हवंच होतं, ते काही लपून राहिलं नव्हतं. ट्रुमन यांना हवे होते न्यायमूर्ती विल्यम डग्लस, ते नको म्हणाले. बार्कलींनी बीजभाषणात रिपब्लिकनांची अशी काही सालटी काढली की मढं उठून बसावं. प्रतिनिधींनीच त्यांना डोक्यावर घेतलं, उपाध्यक्षपदाची उमेदवारी त्यांच्याकडे गेली आणि नोव्हेंबरात जोडी निवडून आली. काही मिळवायचं होतं म्हणूनच माणूस जीव तोडून बोलला ना?

आता १९५२ चे रिपब्लिकन. बीजभाषण जनरल डग्लस मॅकआर्थर यांचं. आदल्या वर्षी ट्रुमननी बडतर्फ केलेले, काँग्रेसपुढच्या भाषणाने देशाला हलवून सोडलेले. त्यांच्या समर्थकांना वाटत होतं, भाषण गाजलं तर थेट उमेदवारी. भाषण पडलं. उमेदवारी आयझेनहॉवरना. इच्छा दोघांचीही होती, फळली एकाचीच. इच्छेवरून निवड करता येत नाही ती अशी.

बेळगावी कुंदा
ते सगळं राहू द्या. आमच्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून गेलेत. त्यांना कधी बोलावतायत?

तिरकस
@बेळगावी कुंदा, बोलावलं तरी मराठीत बोलू देणार नाहीत. टेलिप्रॉम्प्टर देवनागरीत चालत नाही म्हणतील.

शंकासुर
२०२० चं कुणीच काढलं नाही? करोनामुळे डेमोक्रॅट्सचं अधिवेशन पडद्यावरच झालं आणि बीजभाषण १७ जणांनी मिळून केलं. जॉर्जियाच्या स्टेसी एब्रम्स होत्या, पेन्सिल्व्हेनियाचे कॉनर लॅम होते, बाकी पक्षातली तरुण मंडळी. एक वाक्य याचं, एक तिचं. जुनापुराणांची तक्रार मिटली, कुणीही घोड्यावर बसला नाही. निशिगंधाताईंचीही मिटली, सगळे चेहरे आले. मग यातलं वाईट काय?

जुनापुराणा
वाईट हे की १७ जणांपैकी तुम्हाला दोघंच आठवली, आणि तुम्ही तर प्रश्न विचारणारे! निवडायचं म्हणजे सोळा जणांना नाही म्हणायचं. ते धाडस नव्हतं.

@ओहायोकर, बार्कलींना जे हवं होतं ते ट्रुमन यांच्याबरोबरच मिळणार होतं. ट्रुमन पडले की तेही पडले. ख्रिस्तींचं तसं नव्हतं, रॉम्नी जिंकले असते तर त्यांची निदान चार, कदाचित आठ वर्षं बुडत होती. फरक इथे आहे. ज्याचा लाभ उमेदवाराच्या विजयात आहे तो चालेल. ज्याचा लाभ पराभवात आहे तो नको.

ओहायोकर
हे आधी सांगितलं असतं तर मी एवढं टाइप केलं नसतं. पण या मापाने २००४ चे ओबामाही बाद होतात, केरी जिंकले असते तर २००८ ची जागा रिकामी नव्हती.

तिरकस
निरिच्छ माणूस हवाय ना? घ्या. झेल मिलर. १९९२ मध्ये जॉर्जियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर म्हणून मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्लिंटन यांच्यासाठी बीजभाषण केलं. २००४ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर असतानाच, त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, रिपब्लिकनांच्या अधिवेशनात धाकट्या बुशसाठी बीजभाषण केलं. केरी सैन्याच्या हातात काय देणार, कागदाचे बोळे? असा सवाल. निवृत्त व्हायला चार महिने उरले होते, मिळवायचं काही शिल्लक नव्हतं. चेहरा मात्र असा की मुलं घाबरावीत. भाषणानंतर टीव्हीवर मुलाखत घेणाऱ्याला म्हणाले, द्वंद्वयुद्धाचे दिवस असते तर बरं झालं असतं!

मुक्काम बॉस्टन
आणि बुश जिंकले. ओहायोतल्या सव्वा लाखाहून कमी मतांच्या फरकाने. त्यात मिलरबाबांचा वाटा किती, हे ओहायोकरांनी सांगावं.

जुनापुराणा, तुम्हाला सरळ प्रश्न. २००४ मध्ये निवड तुमच्या हाती असती तर कोण?

जुनापुराणा
मॅक्स क्लीलंड. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गेला, २००२ मध्ये जॉर्जियातली सिनेटची जागाही गेली, तीही देशाच्या सुरक्षेबाबत हा माणूस कच्चा आहे असा प्रचार होऊन. केरींच्या युद्धसेवेवर शिंतोडे उडणार हे दिसतच होतं, त्याला या माणसाच्या तोंडून उत्तर मिळालं असतं. शेवटच्या रात्री केरींची ओळख करून देण्यापुरतं त्यांना वापरलं. बीजभाषण त्यांचं हवं होतं. ओबामा सिनेटला तसेही निवडून आलेच असते, रिपब्लिकन उमेदवाराने जूनमध्येच मैदान सोडलं होतं.

मुक्काम बॉस्टन
सिनेटला, हो. २००८ चं काय?