'एल्डर'ला मराठीत काय म्हणाल?

मृण्मयी: आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या प्रेसबिटेरियन चर्चच्या इतिहासाचा अनुवाद करतेय. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८७५ मध्ये लिव्हिंग्स्टोनिया आणि १८७६ मध्ये ब्लँटायर मिशन काढलं, १९२४ मध्ये दोन्हींची मिळून एक मंडळी (म्हणजे चर्च) झाली. तिथे बिशप नसतो, कारभार एल्डर बघतात. मी 'मंडळीचे वडील' लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलंय, "कोणाचे वडील?" 'ज्येष्ठ' चालेल?

मिरजकर: नको. ज्येष्ठ म्हटलं की ज्येष्ठ नागरिक डोळ्यांसमोर येतो. एल्डर तिशीतलाही असू शकतो. मराठी बायबलात 'वडील'च आहे. आमच्या चर्चमध्ये आता सर्रास 'एल्डर' म्हणतात, पण आजी शेवटपर्यंत 'वडील' म्हणायची.

शब्दवेडा: वडील म्हणजे वडासारखी सावली देणारा. सुंदर शब्द आहे, सोडू नका. 'प्रेसबिटेरियन'लाही 'वडीलसत्ताक' करा.

रानजाई: वडाच्या झाडाचा काही संबंध नाही. प्राकृत 'वड्ड', म्हणजे मोठा. म्हणून तर 'वडील भाऊ' म्हणतो. मलावीतल्या चिचेवा भाषेतही एल्डर म्हणजे 'म्कुलु वा म्पिंगो', मंडळीतला मोठा. पाळकाला (पास्टरला) 'म्बुसा', म्हणजे मेंढपाळ. आपले 'वडील' नि 'पाळक' शेजारी ठेवून बघा.

मिरजकर: 'वडीलसत्ताक' कोणी बोलत नाही. जो शब्द उपासनेला बसणाऱ्यांच्या तोंडी नाही, तो छापायचा कशाला?

शब्दवेडा: 'लोकसत्ताक' तरी आधी कोण बोलत होतं?

मृण्मयी: मला वजनाचा शब्द हवाय. लिव्हिंग्स्टोनियात पहिले आफ्रिकी पाळक (त्वेया, म्वासी, चिर्वा) १९१४ मध्ये झाले, मिशन निघाल्यावर ३९ वर्षांनी. एल्डर मात्र त्याआधीपासून स्थानिक होते. गावचा माणूस तोवर तिथपर्यंतच पोचू शकत होता.

रानजाई: त्याच भागातली चुमा आणि विकातानी ही मुलं मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टननं १८६४ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवली होती. चुमाचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला. लेखात आहे का हे?

मृण्मयी: चुमा आहे, मुंबई नाही!

मिरजकर: नाशिकजवळच्या शरणपूरचीही आफ्रिकी मुलं आफ्रिकेत लिव्हिंग्स्टनबरोबर होती. जेकब वेनराइट त्यांतलाच.

शब्दवेडा: मग त्यांना मराठी येत असेल? ते एल्डरला काय म्हणत असतील?

रानजाई: शरणपूरची मिशन अँग्लिकन, तिथे बिशप. यासाठी वेगळा धागा काढते.