26 फुटी बोट ओढायला कुठला ट्रक घ्यावा? (ह्यूस्टन परिसर)

केटीकर

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो. गेल्या महिन्यात एक वापरलेली 26 फुटी बोट घेतली. सेंटर कन्सोल (स्टिअरिंग मधोमध असलेली), 2016 ची, मागे दीडशे हॉर्सपॉवरची दोन आउटबोर्ड इंजिनं. सध्या ती केमाला एका मित्राच्या आवारात ट्रेलरवर उभी आहे. बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पपर्यंत तोच आपल्या ट्रकने नेऊन देतो. दर वेळी त्याला सांगायचा आता संकोच वाटायला लागलाय.

बोट बहुतेक गॅल्व्हेस्टन बेमध्येच फिरेल, वर्षातून एकदोनदा पोर्ट अरान्सासला न्यायची इच्छा आहे. पण खरी काळजी वादळाची. 2024 च्या जुलैत बेरिल आलं तेव्हा आमच्याकडे बोट नव्हती. यापुढे जून ते नोव्हेंबर कधीही ती आत, ब्रेनमच्या बाजूला हलवता आली पाहिजे, आणि त्याच ट्रकमध्ये आम्ही चौघं आणि लॅब्राडोर असणार.

डीलर अर्ध्या टनाचा (हे ट्रकच्या वर्गाचं नाव, पाऊण टन त्याच्या वरचा वर्ग) चार दारांचा क्रू कॅब ट्रक दाखवतोय. टो रेटिंग, म्हणजे ओढायची मर्यादा, 11,200 पाउंड. बोटीच्या ब्रोशरवर वजन 5,200 आहे. "निम्म्याहून कमी झालं, डोळे मिटून घ्या," म्हणाला. रोज ऑफिसला जाऊन-येऊन साठ मैल हाच ट्रक चालवायचाय. अर्धा टन की पाऊण टन? गॅस (म्हणजे पेट्रोल) की डिझेल? ज्यांनी स्वतः ओढलंय त्यांनी कृपया सांगा.

लोनस्टार_मराठी

अर्धा टन भरपूर झाला. मी डलासहून कोलोराडोपर्यंत 6,000 पाउंडांचा कॅम्पर ओढून नेलाय, काही त्रास नाही. हल्लीच्या टर्बो इंजिनांना जोर खूप असतो. पाऊण टनी ट्रक रोजच्या वापराला आडदांड, रिकामा असला की खड्ड्यांत आदळतो. टेक्सासचा किनारा सपाट आहे, तिथे घाट नाहीत. उगीच पैसे घालू नका.

खाडीकाठ

केटीकर, बोटीबद्दल अभिनंदन. मी सीब्रूकला राहतो, 2003 पासून बोटी ओढतोय. थोडं लांबेल, पण सगळं वाचा, कारण ट्रकमध्ये मुलं बसणार आहेत.

आधी तो 5,200 चा आकडा डोक्यातून काढा. ब्रोशरात बहुधा नुसत्या बोटीचं कोरडं वजन असतं, आउटबोर्ड इंजिनं न धरता आणि टाक्या रिकाम्या धरून. तुमच्या दोन इंजिनांचे मिळून साधारण 980 पाउंड. टाकी किती गॅलनची ते लिहिलेलं नाही, 130 धरू. पेट्रोल गॅलनला सहा पाउंडांच्या जरा वर, म्हणजे 800. गोड्या पाण्याचे 15 गॅलन, सव्वाशे पाउंड. तीन बॅटऱ्या 180. नांगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेटं, गळ, कूलर आणि त्यातला बर्फ, 400 लिहा, कमीच पडतील. ट्रेलर अ‍ॅल्युमिनियमचा, दोन आसांचा असेल तर 1,700 च्या आसपास. बेरीज झाली 9,385.

अजूनही 11,200 च्या आतच आहे, असं वाटेल. पण ट्रकची ओढायची ताकद संपायच्या खूप आधी त्याची वाहायची ताकद संपते. ट्रेलरचं तोंड हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर, जो भार टाकतं त्याला टंग वेट म्हणतात. बोटीच्या ट्रेलरला तो एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. तुमच्या बाबतीत 940 पाउंड. हे ओझं ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे वाहायच्या मर्यादेतून, वजा होतं. डीलरकडे गेलात की ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीच्या खांबावर पिवळ्या रंगाचं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालेल ते त्यावर छापलेलं असतं. चार दारं, फोर व्हील ड्राइव्ह, सनरूफ असलेल्या अर्ध्या टनी ट्रकांवर मी 1,400 ते 1,700 पाहिलेत. एकाच मॉडेलच्या शेजारी-शेजारी उभ्या दोन ट्रकांचे आकडे वेगळे असतात, म्हणून जो विकत घेणार त्याचंच दार उघडायचं.

आता मोजा. तुम्ही चौघं 560, लॅब 70, अवजारं, बॅगा, पिण्याचं पाणी मिळून 200, आणि वर 940. झाले 1,770. स्टिकरवर 1,560 असेल तर तुम्ही केटीतून निघण्याआधीच 210 ने जास्त झालात. तेही साध्या दिवशी. वादळाच्या आदल्या दिवशी ट्रकमध्ये कागदपत्रं, कपडे, पेट्रोलचे डबे येतात, कदाचित भारतातून आलेले आईवडील असतात. ट्रक निवडायचा तो त्या दिवसासाठी.

आणखी एक स्टिकर हिचवरच असतं, ते फारसं कुणी वाचत नाही. कित्येक अर्ध्या टनी ट्रकांच्या हिचवर दोन ओळी असतात. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (टंगचा भार ट्रकच्या आणि ट्रेलरच्या सगळ्या आसांवर वाटणारी) नसेल तर ट्रेलर 5,000 आणि टंग 500, ती असेल तर बरंच जास्त. कॅम्परवाले ती हिच सर्रास लावतात, म्हणून लोनस्टार यांना त्रास झाला नाही. बोटीच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात. ट्रक हळू झाला की ट्रेलर पुढे रेटतो, तोंडाशी असलेला दट्ट्या आत सरकतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. त्या सरकण्याच्या आड न येणारी वेट डिस्ट्रिब्युशन हिच शोधावी लागते, बऱ्याच चालत नाहीत. पाऊण टनी ट्रकांची हिच मुळातच जास्त भार घेते, त्यामुळे हा प्रश्न बहुधा येतच नाही.

किनारा सपाट आहे हे खरं. पण ट्रेलर डोलतो त्याला चढ लागत नाही.

2008 च्या सप्टेंबरात आयक वादळ येत होतं. शनिवारी पहाटे ते गॅल्व्हेस्टनला धडकलं, आम्ही गुरुवारी निघालो. मध्यम आकाराची एसयूव्ही, मागे 22 फुटी बोट. घरातल्या दोन पेट्या आणि जनरेटर मी बोटीत मागच्या बाजूला ठेवले, कारण तिथून चढवायला सोपं होतं. 290 हायवेवर हेम्पस्टेडच्या अलीकडे साठच्या वेगात असताना एक अठरा चाकी डावीकडून पुढे गेला. त्याच्या हवेने बोट आधी उजवीकडे ढकलली गेली, मग डावीकडे ओढली गेली, आणि मग ती थांबेचना. प्रत्येक झोक्याला एसयूव्हीचा मागचा भाग बोट नेईल तिकडे जात होता. मी गॅसवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ब्रेकला हात लावला नाही, म्हणजे पाय लावला नाही. तेवढंच एक बरोबर केलं. मुलगी नऊ वर्षांची होती, तिने आईचा हात धरला होता आणि एक शब्द बोलली नाही. शोल्डरवर थांबून सगळं सामान बोटीत पुढे सरकवलं आणि ब्रेनमपर्यंत पंचेचाळीसने गेलो. मागे वजन गेल्यामुळे टंग हलका झाला होता, आणि ओढणारी गाडीही बोटीपुढे हलकी होती. दोन्ही चुका माझ्या.

मी वेंगुर्ल्याचा. पावसाळ्याआधी होड्या वाळूवर वर ओढायच्या असल्या की आमचा म्हातारा तांडेल दोराला हात लावायच्या आधी आत उडी मारून बघायचा, काय काय उतरवायचं राहिलंय ते. त्या दिवशी तो आठवला.

तर माझं मत, पाऊण टन, गॅस इंजिन. पेलोड 3,000 च्या आसपास मिळतो. डिझेल ओढताना सुंदर वाटतं, पण ते इंजिनच काही शे पाउंडांनी जड, आणि हे वजन पेलोडमधूनच जातं. शिवाय डिझेलचा काजळीचा फिल्टर साफ राहायला लांब, गरम धावा लागतात. तुमचे साठ मैल हायवेचे असतील तर निभेल, ट्रॅफिकमध्ये रांगण्याचे असतील तर नको. वर्षातून दहा-बारा वेळा ओढण्यासाठी गॅस पुरे.

आणि खरेदीच्या आधी बोट काट्यावर घाला. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलायचे काटे, असतात. माझा वरचा हिशेब अंदाजाचा आहे, काट्याची चिठ्ठी खरी.

सागरवेडी

खाडीकाठ यांच्याशी सहमत. मी फक्त रॅम्पबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे नवरा बोट सांभाळतो आणि ट्रक मागे मी घेते.

भरती उतरली की रॅम्पचा खालचा भाग शेवाळाने हिरवा झालेला असतो, आणि ट्रकची मागची चाकं नेमकी तिथेच असतात. 9,000 पाउंड वर खेचायचे असतील तर फोर व्हील ड्राइव्ह घ्याच, लो रेंजसकट (कमी वेग, जास्त जोर देणारा गिअर). टू व्हील ड्राइव्ह ट्रकची चाकं जागच्या जागी फिरून तो मागे सरकताना मी पाहिलाय. दोरी धरलेला मुलगा वेळेवर बाजूला झाला म्हणून बरं. ट्रेलरच्या मागे, उतारावर, कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. हा आमच्याकडचा नियम आहे, पाहुणे असले तरी.

दुसरं, हायवेवरून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. चाकांचे हब तापलेले असतात. थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. अर्धा तास थांबा, तेवढ्यात पट्टे सोडा, ड्रेन प्लग लावा, मुलांना जॅकेटं घाला. आम्ही ग्रीस भरलेला एक तयार हब नेहमी बरोबर ठेवतो. परतल्यावर ब्रेकवर गोडं पाणी मारा, आळस करू नका. गॅल्व्हेस्टनचं मीठ लोखंड खातं.

लोनस्टार_मराठी

हे वाचून खाली जाऊन माझ्या ट्रकचं दार उघडलं. 1,438. कोलोराडोच्या वेळी आम्ही पाच जण होतो आणि बेडमध्ये चार सायकली. सगळा हिशेब मांडला, मी मर्यादेच्या वर होतो. आधीचा सल्ला मागे घेतो. केटीकर, खाडीकाठ म्हणतात तसं करा.

केटीकर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी मित्राच्या ट्रकला जोडून बोट काट्यावर नेली. जोडलेल्या अवस्थेत एकूण 16,440, त्यातले ट्रेलरच्या आसांवर 8,280. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक घातला, 7,260. म्हणजे बोट आणि ट्रेलर 9,180, आणि टंग वेट 900. टाकी अर्धीच होती. खाडीकाठ काका, तुमचा अंदाज फारच जवळ आला.

डीलरकडच्या अर्ध्या टनी ट्रकच्या दारावर 1,512 निघाले. सेल्समनला दाखवलं, तो काही बोलला नाही. दुसरीकडे 2022 चा पाऊण टनी गॅस ट्रक पाहिला, क्रू कॅब, फोर व्हील ड्राइव्ह, दारावर 3,184. हिचवरचं स्टिकर वाकून वाचलं, तिथेही अडचण नाही. चालवून बघितला, रिकामा असताना थोडा आदळतो, पण बायको म्हणाली, आपण तो आदळण्यासाठी घेत नाही आहोत. घरच्या गॅरेजमध्ये मावणार नाही, ड्राइव्हवेवर राहील. याच आठवड्यात घेतोय.

दोन प्रश्न राहिले. टेक्सासमध्ये ट्रेलरचे ब्रेक सक्तीचे आहेत का? आणि ट्रेलरच्या टायरांची नक्षी नव्यासारखी आहे, म्हणजे ते चालतील ना?

खाडीकाठ

काट्याची चिठ्ठी जपून ठेवा, ट्रकच्या कागदांबरोबर. ट्रक चांगला निवडलात.

ब्रेक 4,500 पाउंडांच्या वर सक्तीचे आहेत, तुम्ही त्याच्या दुप्पट आहात. दट्ट्यातलं ब्रेक फ्लुइड बघा. ट्रेलर मागे घेताना ब्रेक आपोआप लागू नयेत यासाठी त्याच्या पाच पिनांच्या प्लगमध्ये रिव्हर्सची तार असते, ती नव्या ट्रकला जुळतेय का तेही बघा. नाहीतर चढावर मागे घेताना ट्रेलर अडून बसेल.

टायरांची नक्षी बघू नका. बोटीचा ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उन्हात उभा असतो, नक्षी झिजतच नाही, रबर आतून मरतं. टायरच्या कडेवर डीओटी लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. 3117 असेल तर 2017 चा एकतिसावा आठवडा. सहा वर्षं झाली असतील तर चारही आणि स्पेअर बदला. आणि वेगळी मर्यादा छापलेली नसेल तर ट्रेलरचे टायर पासष्टच्या वर पळवू नका. बोट 2016 ची आहे, टायर मूळचेच असू शकतात. उद्या सकाळी बघून ते चार आकडे इथे लिहा.