छतावरचा डाग, तीन निदाने आणि एक शिफारस

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आमच्या बैठकीच्या खोलीच्या छतावर गेले दोन महिने ओलीचा एक डाग पसरत चालला आहे. खोलीच्या बरोबर वर बाथरूम आहे आणि त्यावर उतरते छप्पर. मी तीन जणांना पाहणीसाठी बोलावले. छपराचे काम करणाऱ्याने कौले बदलावी लागतील असे सांगितले, प्लंबरने भिंतीतला नळ गळत असल्याचे सांगितले, आणि बाथरूमचे नूतनीकरण करणाऱ्याने टाइल्सखालचे वॉटरप्रूफिंग संपल्यामुळे सगळेच उकरावे लागेल असा निर्वाळा दिला. तिघांनीही पाहणी फुकट केली आणि प्रत्येकाला नेमका तोच दोष सापडला, जो दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय आहे.

यांपैकी तिसऱ्या कंत्राटदाराला मी मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांच्या शिफारशीवरून बोलावले होते. तो त्यांचा साडू असल्याचे मला काल समजले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु हे आधी ठाऊक असते तर मी ती शिफारस वेगळ्या कानांनी ऐकली असती. अशा वेळी माणसाने विश्वास ठेवावा तरी कोणावर, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

आपली,
एक नवीन सभासद

*

सस्नेह नमस्कार,

मी बांधकाम अभियंता म्हणून बरीच वर्षे काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहिते. तुमच्या तिन्ही कंत्राटदारांपैकी कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. ज्याने आयुष्यभर वॉटरप्रूफिंग केले आहे त्याला प्रत्येक ओलीत तेच दिसते. अडचण अशी की दुखणे सांगणारा आणि औषध विकणारा एकच आहे, आणि काम झाल्यावरही ते खरोखर आवश्यक होते का, हे घरमालकाला कळत नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचा स्वतंत्र वर्गच मांडला होता आणि त्यांचे मुख्य उदाहरण दुरुस्तीच्या कामांचेच होते.

म्हणून पाहणीचे पैसे द्या. जो स्वतः दुरुस्ती करत नाही आणि दुरुस्ती करणाऱ्याचे नावही सुचवत नाही, अशा तपासनीसाला ठरलेले शुल्क देऊन लेखी अहवाल घ्या. फुकट पाहणीची किंमत पुढच्या कोटेशनमध्ये कुठेतरी असतेच.

त्याआधी काही गोष्टी तुम्ही स्वतःच तपासू शकता. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे अर्धा तास पाहा. काटा हलला, तर दाबाखालची एखादी वाहिनी गळत असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र फ्लशची टाकी झिरपत नाही ना, हे आधी पाहून घ्या. डाग पावसानंतर वाढतो की अंघोळीनंतर, याची तारीखवार नोंद ठेवा. शेवटी पाँडिंग टेस्ट करा: शॉवरच्या जागेतील निचऱ्याचे तोंड बुचाने घट्ट बंद करून उंबऱ्याच्या खाली राहील इतके पाणी भरा, पातळीवर पेन्सिलीने खूण करा आणि चोवीस तास थांबा. पाणी उतरले नाही, तर वॉटरप्रूफिंग शाबूत आहे असे बहुधा मानता येते. ज्या कंत्राटदाराने ही चाचणी न करताच फरशी उकरण्याचा सल्ला दिला, त्याचे ज्ञान कितीही असो, घाई मात्र मला खटकते.

एरवी कंत्राटदाराकडे आधीच्या गिऱ्हाइकांचे संदर्भ मागताना लोक गेल्या महिन्यातल्या कामाचे मागतात. तुम्ही तीन वर्षांपूर्वीच्या कामाचे मागा, कारण गळती पहिल्या महिन्यात क्वचितच दिसते.

आपली,
एक निवृत्त अभियंता

*

सर्वांस नमस्कार,

ती शिफारस माझीच होती. नाते सांगायला हवे होते आणि ते राहून गेले, याबद्दल क्षमस्व. मला दलाली मिळत नाही. तरीही विचार केल्यावर लक्षात आले की आमच्या स्वयंपाकघराचे काम साडूने निम्म्या मजुरीत आणि दोन रविवार खर्ची घालून केले होते. म्हणजे मी ज्या अनुभवावरून त्याची स्तुती करत होतो, तो परक्या गिऱ्हाईकाला येणारच नव्हता. लाभापेक्षाही ही गोष्ट मला आता जास्त महत्त्वाची वाटते. यापुढे शिफारस करणाऱ्याने आपले नाते, मिळालेली सवलत आणि काम किती वर्षांपूर्वी झाले हे पहिल्याच वाक्यात लिहावे, असा नियम मंडळाने करावा, अशी माझी सूचना आहे.

आपला,
एक जुना सभासद

*

सस्नेह नमस्कार,

सूचनेला माझा पाठिंबा आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. केन, लोवेनस्टाइन आणि मूर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांना बरणीतील नाण्यांची किंमत लांबून ओळखायची होती आणि बरणी जवळून पाहिलेले सल्लागार त्यांना मदत करत होते. ओळखणाऱ्याचा अंदाज जितका चढा तितका काही सल्लागारांना मोबदला अधिक होता. हा हितसंबंध उघड केल्यावर त्या सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले, आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून पुरेशी वजावट केली नाही. ‘मी सांगितले होते’ एवढे म्हटले की मन मोकळे होते, हे आपल्यालाही अनोळखी नाही.

त्यामुळे साडूंना काम द्यायचे असले तरी खुशाल द्यावे, मात्र दोषाचे निदान त्रयस्थ तपासनीसाचे असावे, करारात कामाची व्याप्ती आणि साहित्य स्पष्ट लिहावे, विम्याचा दाखला थेट विमा कंपनीकडून पडताळावा आणि शेवटचा हप्ता काम संपल्याच्या दिवशी न देता चाचणीनंतर द्यावा.

आपली,
तीच निवृत्त अभियंता

*

सर्वांस नमस्कार,

मीटरचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही. पावसाच्या आठवड्यात डाग वाढला नाही. पाँडिंग टेस्टमध्ये पाणी चोवीस तास खुणेवरच राहिले. मात्र बूच काढून ते वाहून जाऊ दिल्यावर तासाभरातच डाग ओला झाला. शुल्क देऊन बोलावलेल्या तपासनीसाने छताला छोटे भोक पाडून निचऱ्याच्या पाइपचा सैल झालेला सांधा दाखवला. तिघांपैकी कोणीही तो सांगितला नव्हता.

दुरुस्तीसाठी मी पहिल्याच प्लंबरला सांगितले आहे, कारण अहवाल वाचून आपला अंदाज चुकल्याचे त्याने लगेच मान्य केले. शेवटचा हप्ता पुन्हा पाणी भरून सोडल्यावर आणि छत चोवीस तास कोरडे राहिल्यावरच द्यायचा, हे आम्ही लेखी ठरवले आहे. जुन्या सभासदांचे साडू छताचे भोक बुजवून रंग देण्यास तयार आहेत. त्यांचेही कोटेशन मी इतर दोघांबरोबरच मागवले आहे.

आपली,
नवीन सभासद