अंगावर पाजणे आणि पंपाने दूध काढणे: दोन्हींचा मेळ कसा घालावा?

प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी आज १६ दिवसांची झाली. जन्माच्या वेळी तिचे वजन ३ किलो होते आणि चौथ्या दिवशी ते २ किलो ७३० ग्रॅमवर आले. ती स्तन तोंडात खोलवर धरत नसे. दोन-चार मिनिटे चोखून झोपी जात असे आणि खाली ठेवताच पुन्हा रडू लागत असे. त्यामुळे डॉक्टरांनी असा क्रम ठरवून दिला की, प्रत्येक वेळी तिला आधी अंगावर घ्यावे, मग दोन्ही बाजूंचे दूध पंपाने काढावे आणि ते बाटलीने पाजावे. त्याचा उपयोग झाला हे मान्यच करायला हवे. बाराव्या दिवशी तिचे वजन २ किलो ९४० ग्रॅम होते आणि आज ते ३ किलो ६० ग्रॅम भरले. पावडरचे दूध एकदाही द्यावे लागलेले नाही.

अडचण अशी की, हा क्रम दिवसरात्र मिळून आठ वेळा चालतो आणि पाजणे, पंप, बाटली व भांडी धुणे यांत प्रत्येक वेळी दीड तास जातो. उरलेल्या दीड तासात झोप, जेवण आणि आंघोळ बसवायची. एवढे करूनही पंपातून दोन्ही बाजूंचे मिळून जेमतेम २५ मिली दूध निघते, त्यामुळे मला दूधच कमी आहे ही शंका मनातून जात नाही. गेल्या तीन दिवसांपासून ती अंगावर पिताना घोट घेतल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि बाटलीतले दूध ती कधीकधी अर्धे सोडते. अशा वेळी पंप कमी केला तर दूध आटेल का? रात्रीची एखादी बाटली बाळाच्या बाबांनी दिली, तर ती पुढे अंगावर प्यायला नकार देईल का?

पहिले उत्तर (दोन मुलांची आई)

तुम्ही दिलेल्या आकड्यांचा हिशेब मांडला, तर दूध कमी असल्याचे त्यात कोठेही दिसत नाही. शेवटच्या चार दिवसांत बाळाचे वजन १२० ग्रॅमने वाढले, म्हणजे रोज ३० ग्रॅम. या वयात रोज २० ते ३० ग्रॅम वाढ झाली तरी ती समाधानकारक मानतात. पावडरचे दूध दिलेले नाही, म्हणजे ही सगळी वाढ तुमच्याच दुधावर झाली आहे. त्यातले काही तिने थेट घेतले आणि काही पंप व बाटलीच्या लांबच्या वाटेने तिच्या पोटात गेले. पंपातून निघणारे २५ मिली आठने गुणले तर २०० मिली होतात. तीन किलोच्या बाळाला दिवसभरात किलोमागे सुमारे १५० मिली, म्हणजे ४५० मिलीच्या आसपास दूध लागते असे धरले, तर निम्म्याहून अधिक दूध ती आताच स्वतः ओढून घेत आहे.

पंपातले २५ मिली हे बाळ पिऊन झाल्यावर मागे राहिलेले दूध आहे, हे येथे विसरू नये. इतरांच्या भरलेल्या बाटल्या आपल्याला दिसतात, पण त्या बाईने आधी बाळाला पाजले होते की तीन-चार तास थांबून थेट पंपच लावला होता, हे बाटलीवरून कळत नाही. (माझ्या पहिल्या खेपेला मी अशाच बाटल्या पाहून रडले होते आणि पंपाच्या घरघरीत मला टोमणे ऐकू येऊ लागले होते. म्हणून हे इतक्या आवर्जून लिहीत आहे.)

आता मुख्य मुद्दा. पहिल्या दिवसांत दूध उतरते ते बाळंतपणानंतर संप्रेरकांमध्ये होणाऱ्या बदलांमुळे, पण त्यानंतरच्या आठवड्यांत स्तनातून किती दूध बाहेर पडते यावर पुढची निर्मिती ठरू लागते. स्तनात दूध साचून राहिले की निर्मिती मंदावते आणि ते निघून गेले की वेग धरते. तुमच्या बाळाला पुरेसे ओढता येत नव्हते, म्हणून ते काम काही दिवस पंपाकडे सोपवले होते. आता बाळ ते काम शिकू लागले आहे, तेव्हा एकेक पाळी तिच्याकडे परत द्यायची आहे.

त्यात एक चूक हमखास होते आणि ती मीही केली होती. कंटाळून पंप बंद करायचा, पण नंतरची बाटली मात्र साठवलेल्या दुधाने चालूच ठेवायची. असे केले की बाटलीमुळे बाळाचे पोट भरते, ते पुढच्या वेळी कमी ओढते, स्तनात दूध साचते आणि निर्मिती खरोखरच उतरते. म्हणून पंप आणि बाटली नेहमी जोडीने कमी करावीत. ज्या वेळी पंप करणार नाही, त्या वेळी वरून बाटलीही देऊ नये. बाळ कदाचित तासाभरात पुन्हा भूक दाखवील, तेव्हा तिला पुन्हा अंगावर घ्यावे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणे हे नवजात बाळाच्या बाबतीत नेहमीचेच आहे. सुरुवात अशा पाळीपासून करावी, जिच्यात ती चांगली जागी असते आणि जोमाने पिते. एक पाळी सोडल्यावर दोन-तीन दिवस थांबावे, त्याच काट्यावर उघड्या अंगाने वजन करावे आणि मगच दुसरी सोडावी. दिवसाला सहा किंवा अधिक ओले लंगोट आणि तीन-चार वेळा पिवळी, पातळसर शी होत असेल, तर दोन वजनांच्या मधल्या काळातही धीर राहतो.

हा क्रम डॉक्टरांनी लावून दिला आहे, तेव्हा तो सोडवण्याचा आराखडा त्यांना आधी दाखवावा. वजनाची वाढ रोज २० ग्रॅमच्या खाली गेली, लंगोट कमी ओले होऊ लागले किंवा बाळ पिण्यासाठी उठेनासे झाले, तर वाट न पाहता मागच्या क्रमावर जावे आणि बाळाला डॉक्टरांना दाखवावे.

दुसरे उत्तर (नवजात कक्षात काम केलेली परिचारिका)

वरच्या हिशेबाशी मी सहमत आहे. बाटली आणि साठवण याबद्दल थोडे लिहिते.

बाटलीमुळे बाळ अंगावर प्यायला नकार देते याचे एक मोठे कारण प्रवाहाच्या वेगात असते. स्तनातून पान्हा फुटेपर्यंत बाळाला थोडा वेळ चोखावे लागते. बाटली उलटी धरली तर दूध आपोआप तोंडात ओतले जाते आणि बाळाला त्याचीच सवय लागते. त्यामुळे सर्वांत मंद प्रवाहाचे बूच घ्यावे, बाळाला जवळजवळ बसते धरावे, बाटली आडवी ठेवावी आणि बुचाच्या टोकाने ओठांना स्पर्श करून बाळ स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबावे. काही घोटांनंतर बाटली खाली झुकवून तिला श्वास घेऊ द्यावा. ६० मिली संपायला पंधरा-वीस मिनिटे लागली तर तो वेळ योग्यच समजावा. तिने तोंड फिरवले तर उरलेले दूध पाजून संपवण्याचा आग्रह धरू नये. तुम्ही लिहिले आहे की ती अर्धे सोडते, आणि माझ्या मते ती पोट भरल्याचे सांगत आहे. जमले तर एखादी पाळी वाटी-चमच्यानेही देता येते. अंगावर पिणे नीट बसण्यापूर्वी, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांपूर्वी, गरज नसताना बाटली सुरू करू नये असे सांगितले जाते, पण तुमच्याकडे ती गरजेपोटीच सुरू झाली आहे, त्यामुळे त्याचा अपराधीपणा बाळगण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार काढून पाजलेले आईचे दूध हेही निव्वळ स्तनपानातच मोजले जाते.

पंपाची वाटी, म्हणजे स्तनावर बसणारा नरसाळ्यासारखा भाग, योग्य मापाची आहे का हे अवश्य पाहावे. पंप चालू असताना फक्त स्तनाग्र नळीत मोकळेपणाने पुढेमागे सरकायला हवे. त्याभोवतीचा गडद भाग बराचसा आत ओढला जात असेल तर वाटी मोठी आहे आणि स्तनाग्र नळीच्या कडांना घासत असेल तर ती लहान आहे. ओढ जितकी जास्त तितके दूध जास्त, हा समज चुकीचा आहे. दुखू लागले की पान्हा अडतो, म्हणून दुखणार नाही इतपतच ओढ ठेवावी. पंप दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावून पंधरा मिनिटांत थांबले तरी चालते, आणि शेवटी दोन मिनिटे हाताने दूध काढले तर पंपाने मागे ठेवलेले बरेचसे दूध निघते.

ताजे काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकते, असे अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचे मार्गदर्शन आहे. खोली त्याहून गरम असेल तर दूध लगेच फ्रीजमध्ये ठेवावे, आणि तेही दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे. फ्रीझरमध्ये ते सहा महिने चांगले राहते. एकदा वितळवून फ्रीजमध्ये ठेवलेले दूध चोवीस तासांत वापरावे आणि पुन्हा गोठवू नये. बाळाने तोंड लावलेल्या बाटलीतले उरलेले दूध दोन तासांत वापरावे, नाही तर टाकून द्यावे. दूध गरम पाण्यात बाटली धरून कोमट करावे. मायक्रोवेव्हमध्ये ते एका जागी उकळते आणि दुसरीकडे थंडच राहते. वर साय आल्यासारखा थर दिसला तर दूध नासले असे समजू नये, बाटली हलकेच फिरवली की तो मिसळतो.

धुण्याचा वेळ वाचवण्यासाठी पंपाचे भाग न धुता फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा वापरण्याची युक्ती अनेक जणी सांगतात. दोन महिन्यांखालील बाळासाठी मी तसे करायला सांगणार नाही. त्यापेक्षा भागांचा दुसरा संच घ्यावा आणि धुण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवावे, कारण पाजणे सोडले तर यातले जवळजवळ प्रत्येक काम दुसऱ्याला करता येते.

तिसरे उत्तर

मी उलट्या बाजूची अडचण सांगते. दूध कमी पडू नये म्हणून मी पाजल्यानंतरही पंपाने शेवटचा थेंब निघेपर्यंत दूध काढत राहिले आणि तीन आठवड्यांत बाळाच्या गरजेच्या दीडपट दूध येऊ लागले. स्तन सतत दगडासारखे भरलेले, बाळाला पान्ह्याचा जोर न सोसून ठसका लागणे, आणि शेवटी एका बाजूला लालसर, तापलेला, दुखरा पट्टा उठून ताप. तेव्हा मला वाटले की अजून जास्त पंप करायला हवा, पण डॉक्टरांनी नेमके उलट सांगितले. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेच्या २०२२ मधील मार्गदर्शनातही स्तनदाह असताना स्तन रिकामा करण्याच्या मागे लागू नये, जोरजोराने चोळू नये, बाळाच्या गरजेइतकेच पाजावे आणि सूज उतरवण्यासाठी थंड शेक घ्यावा असे म्हटले आहे. म्हणून फ्रीझर भरण्याच्या नादी आताच लागू नका. ताप, थंडी वाजणे किंवा एक दिवसात न उतरणारी लाली दिसली, तर डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न विचारणारी

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलून सकाळच्या आणि दुपारच्या पाळीतला पंप व बाटली दोन्ही थांबवली. तीन दिवसांनी वजन ३ किलो १४० ग्रॅम भरले, म्हणजे ८० ग्रॅमची वाढ. दुपारी ती पाऊण तासातच पुन्हा मागते, पण दीड तासाच्या त्या रहाटगाडग्यापेक्षा हे सोपे वाटते. वाटीही मोठीच निघाली; लहान माप लावल्यावर दुखणे थांबले. आता एकच विचारायचे आहे: रात्री अकराची बाटली बाबांनी दिली आणि मी झोपले, तर त्या वेळी मला पंप करायला उठावे लागेल का?

पहिले उत्तर देणारी

अकरासाठी वेगळे उठू नये. त्याऐवजी झोपण्यापूर्वी, नऊ-साडेनऊला बाळाला पाजून लगेच थोडा पंप करावा आणि रात्री दोनच्या सुमारास तिला थेट अंगावर घ्यावे. म्हणजे मध्ये चार-साडेचार तासांचे अंतर पडेल, आणि या आठवड्यांत त्याहून लांब अंतर रोजच्या रोज पडू देऊ नये. दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री वाढलेले असते, त्यामुळे दोनची ती पाळी मी अंगावरच ठेवीन. अकराच्या बाटलीसाठी लागणारे दूध पहाटेच्या पाजण्यानंतर काढावे. बहुतेक जणींना त्या वेळी सर्वांत जास्त दूध मिळते. मध्येच स्तन भरून जाग आली, तर हाताने हलके वाटण्यापुरतेच दूध काढून पुन्हा झोपावे.