शब्दचर्चा : ‘प्रादेशिक सुरक्षा’ म्हणजे नेमकी कुठल्या प्रदेशाची?

प्रश्न

एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाची माहिती मराठीत आणते आहे. पश्चिम आशिया, मध्य आशिया, कॉकेशस यांपैकी एखादा भूभाग निवडायचा आणि त्याची सुरक्षा, त्याचं राजकारण आणि तिथली एक भाषा असं तिन्ही एकत्र शिकायचं, असं त्याचं स्वरूप आहे. नाव ‘प्रादेशिक सुरक्षा, राजकारण आणि भाषा’ असं केलं. पहिल्याच वाचकाने विचारलं, ‘यात कन्नड आणि गुजराती शिकवतात का?’ त्याऐवजी ‘क्षेत्रीय’ चालेल का? आणि ‘सुरक्षा’ म्हणावं की ‘सुरक्षितता’?

प्रतिसाद

वाचकाने बरोबरच वाचलं. ‘प्रादेशिक भाषा’ ही मराठीत पक्की बसलेली जोडी आहे. राज्यघटनेच्या सतराव्या भागात अनुच्छेद ३४५ ते ३४७ यांचं प्रकरणच ‘प्रादेशिक भाषा’ या नावाचं आहे. ‘प्रादेशिक’ हे विशेषण एकदा सुरुवातीला ठेवलं की ते पुढच्या तिन्ही नामांवर पसरतं. सुरक्षेवर ते कसंबसं चालतं, पण राजकारणावर आलं की ‘प्रादेशिक पक्ष’ आठवतात आणि भाषेवर आलं की कन्नड-गुजराती.

खरी अडचण मात्र याच्याही आधीची आहे. हा शब्द मराठीत तीन वेगळी कामं करतो. ‘प्रादेशिक परिवहन कार्यालय’ म्हणताना तो देशाच्या आतला एक तुकडा दाखवतो. ‘प्रादेशिक सेना’, ‘प्रादेशिक अखंडता’ म्हणताना देशाची स्वतःची भूमी, म्हणजे इंग्रजीतलं ‘टेरिटोरियल’. आणि ‘दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना’ या सार्कच्या नावात तो अनेक देशांचा मिळून होणारा समूह दाखवतो. ‘या करारामुळे प्रादेशिक सुरक्षा धोक्यात येईल’ हे वाक्य घ्या. धोका एका देशाच्या जमिनीला की साऱ्या शेजाराला? दोन्ही वाचनं शुद्ध आहेत आणि त्यांतून निघणारी धोरणं अगदी उलट असू शकतात. एक देश आपली जमीन राखायला सैन्य वाढवतो आणि नेमक्या त्याच कृतीने शेजाऱ्यांची झोप उडते. या विषयाचा निम्मा अभ्यास याच पेचाचा आहे. तो पेच शब्दातच बुजला तर विद्यार्थ्याने तो शोधायचा कुठून?

‘क्षेत्रीय’ मात्र घेऊ नका. हिंदीत तो या अर्थाने चालतो, सार्कच्या हिंदी नावातही आहे. मराठीत ‘क्षेत्र’ची ओढ वेगळी आहे : कार्यक्षेत्र, खासगी क्षेत्र, तीर्थक्षेत्र, क्षेत्रफळ. शिवाय सामाजिक शास्त्रांत ‘क्षेत्रकार्य’, ‘क्षेत्रभेट’ हे शब्द रुळलेले आहेत, त्यामुळे ‘क्षेत्रीय अभ्यास’ म्हटलं की प्रश्नावली घेऊन घरोघर फिरणं डोळ्यासमोर येतं. इंग्रजीतल्या ‘एरिया स्टडीज’साठी मी ‘प्रदेश-अभ्यास’ लिहितो. तिथे ‘प्रदेश’ हे नाम आहे, विशेषण नाही, म्हणून ते शेजारच्या शब्दांवर सांडत नाही.

तुमच्या नावासाठीही तेच करा : ‘प्रदेश-अभ्यास : सुरक्षा, राजकारण आणि तिथल्या भाषा’. ‘तिथल्या’ हा साधा शब्द कन्नड-गुजरातीचा गोंधळ मिटवतो.

‘राजकारण’ राहू द्या. ‘राज्यशास्त्र’ हे ज्ञानशाखेचं नाव आहे; इथे एका भूभागात प्रत्यक्ष चालणारं राजकारण शिकायचं आहे.

पुन्हा प्रश्न

नाव पटलं. पण ‘सुरक्षे’बद्दल राहिलं. आणि ‘अभ्यास’ शब्दाला माझ्या सहकाऱ्यांचा विरोध आहे. ते ‘अध्ययन’ म्हणा म्हणतात, कारण ‘सुरक्षा अभ्यास’ म्हणजे कवायत वाटते.

प्रतिसाद

आधी अभ्यास. ही कवायत हिंदीतून आली आहे. हिंदीत ‘अभ्यास’ म्हणजे सराव, आणि शिकण्याला ‘अध्ययन’. मराठीत ‘अभ्यास’ हा लहानपणापासून पुस्तकाशी जोडलेला शब्द आहे. सैन्याच्या बाबतीत आपण ‘सराव’ म्हणत आलो. अलीकडे बातम्यांत ‘संयुक्त युद्धाभ्यास’ येऊ लागला आणि त्यामुळे आपल्याच शब्दाचा अर्थ आपल्याला संशयास्पद वाटू लागला. इथे माघार घेऊ नये. सैन्याचा सराव, विद्यार्थ्याचा अभ्यास. पुणे विद्यापीठातला विभागही ‘संरक्षण व सामरिकशास्त्र’ किंवा ‘सामरिक अभ्यास’ अशाच नावांनी ओळखला जातो, त्याला कोणी कवायतीचं मैदान समजत नाही.

आता सुरक्षा. इंग्रजीत ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन शब्द आहेत : पहिला अपघात, बिघाड, भेसळ यांपासून, दुसरा बहुतेकदा शत्रू, हल्ला, टंचाई यांच्या संदर्भात. मराठीत आपण दोन्हीकडे ‘सुरक्षा’ लावून मोकळे होतो. २००६चा अन्न सुरक्षा व मानके कायदा अन्न निर्भेळ असण्याबद्दल आहे, आणि २०१३चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा ते मिळण्याबद्दल. विषय पूर्ण वेगळे, मराठी शब्द एकच. म्हणून पहिल्या अर्थाला ‘सुरक्षितता’ आणि दुसऱ्याला ‘सुरक्षा’ अशी वाटणी निदान अभ्यासाच्या लेखनात पाळावी असं मला मनापासून वाटतं. कारखान्यातली ती सुरक्षितता, सरहद्दीवरची ती सुरक्षा.

‘संरक्षण’ याहून अरुंद. त्यात राखण्याची कृती आहे आणि ती करणारं सैन्य आहे. सुरक्षा ही अवस्था आहे, आणि ती पाण्याच्या वाटपाने, व्यापाराने, शेजाऱ्यांवरच्या विश्वासानेही येते. शीतयुद्धानंतर या विषयाचा विस्तार झाला तो याच दिशेने. म्हणून ‘सुरक्षा’च योग्य.

आणखी एक वाचक

माझी अडचण पुढच्या पायरीवरची आहे. ‘रीजनल सिक्युरिटी कॉम्प्लेक्स’ला ‘प्रादेशिक सुरक्षा संकुल’ म्हटलेलं वाचलं. संकुल म्हटलं की मला क्रीडा संकुल दिसतं.

प्रतिसाद

मलाही इमारतच दिसते, आणि इमारत या कल्पनेच्या अगदी विरुद्ध आहे. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे ब्रिटिश अभ्यासक बॅरी बुझान यांनी १९८३मध्ये ही संकल्पना मांडली. काही देशांच्या सुरक्षेच्या चिंता एकमेकींत इतक्या अडकलेल्या असतात की एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करताच येत नाही. भारत आणि पाकिस्तान हे ठळक उदाहरण. इथे कोणी काही बांधलेलं नाही. देशांना हवं असो वा नसो, ते अडकलेले आहेत. यासाठी मराठीत सरळ शब्द आहे : गुंता. ‘सुरक्षा-गुंता’ परीक्षेच्या उत्तरात फार घरगुती वाटत असेल तर ‘सुरक्षा-गुंफण’ चालेल, पण गुंफण कोणीतरी हौसेने करतं, गुंता होतो. मी ‘गुंता’च लिहीन.

या कल्पनेने ‘प्रदेश’ शब्दालाही धक्का बसतो, तो लक्षात घ्यावा. अफगाणिस्तान २००७पासून सार्कचा सदस्य आहे. बुझान यांच्या मांडणीत मात्र तो दक्षिण आशियाच्या गुंत्यात मोडत नाही. दक्षिण आशिया, पश्चिम आशिया आणि मध्य आशिया यांना एकमेकांपासून अलग ठेवणारा तो पट्टा आहे. संघटनेच्या यादीतला प्रदेश आणि भीतीने जोडलेला प्रदेश एकच असतो असं नाही.

भूभागांची नावं लिहितानाही म्हणूनच जपायला हवं. ‘मध्यपूर्व’ हे युरोपात उभं राहून दिलेलं नाव. आपल्याकडून तो भाग पश्चिमेला आहे. ‘पश्चिम आशिया’ लिहावं, आणि ‘आखाती देश’ त्याचा पर्याय म्हणून वापरू नये, कारण सीरिया किंवा जॉर्डन इराणच्या आखातावर नाहीत. ‘दक्षिण-पूर्व आशिया’पेक्षा ‘आग्नेय आशिया’ आपला आणि सुटसुटीत.

पहिली प्रश्नकर्ती

शेवटचं एक. भाषांच्या यादीत फारसी, दरी आणि ताजिक अशा तीन नोंदी आहेत. जाणकार म्हणतात की भाषा एकच. मग एकच नोंद करू का?

प्रतिसाद

करू नका. भाषाशास्त्राच्या दृष्टीने जाणकारांचं बरोबर आहे; तेहरान, काबूल आणि दुशान्बे इथली शिकलेली माणसं एकमेकांचं बोलणं बऱ्यापैकी समजू शकतात. पण तीन नावांमागे तीन राज्यसंस्थांचे निर्णय आहेत. अफगाणिस्तानने १९६४च्या राज्यघटनेत आपल्या फारसीला ‘दरी’ म्हटलं. ताजिकिस्तानात सोव्हिएत काळात अरबी लिपी जाऊन आधी लॅटिन आणि मग १९४०च्या सुमारास सिरिलिक, म्हणजे रशियन जिच्यात लिहितात ती लिपी, आली, त्यामुळे तिथे शाळा शिकलेल्याला इराणमधलं वर्तमानपत्र वाचता येत नाही. काबूलमध्ये आजही अनेक जण आपल्या भाषेला फारसीच म्हणतात, आणि कोण कुठलं नाव वापरतो यावर तिथे वाद होतात. तिन्ही नोंदी एकाखाली एक ठेवा आणि प्रत्येकीपुढे लिपी लिहा : फारसी – अरबी-फारसी लिपी, दरी – तीच, ताजिक – सिरिलिक. ‘पर्शियन’ ही चौथी नोंद मात्र टाळा. मराठीत फारसी हा शब्द शिवकाळाच्या आधीपासून आहे, त्याला इंग्रजीतून दुसऱ्यांदा आणायचं कारण नाही.