विमानात ओल्या मोज्यांसारखा वास, आईचा घसा धरला. परतीच्या प्रवासात काय करू?

खिडकीवाली:

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून लिहितेय.

परवा आईला घेऊन पुण्याहून दिल्लीला आले. आई ६८ वर्षांची, जुना दमा, पण आटोक्यात. उतरायला वीसेक मिनिटं असताना अचानक वास यायला लागला. पावसाळ्यात न वाळलेले मोजे तसेच बुटात राहिले की येतो ना, तसा, आणि त्यात करपट तेलकटपणा. मला वाटलं शेजारच्या काकांनी बूट काढलेत. वाकून पाहिलं तर बूट पायातच. काकांनी माझ्याकडे जे पाहिलं ते असो.

पाच-सात मिनिटांत आईचे डोळे चुरचुरायला लागले, मग खोकल्याची उबळ. पंप वरच्या कप्प्यातल्या बॅगेत आणि पट्टा बांधायची खूण लागलेली! क्रूमधल्या मुलीला सांगितलं तर म्हणाली, "एसीचा वास आहे मॅडम, जाईल." उतरल्यावर गेलाही, पण आईचं डोकं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुखत होतं.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, मला भांडायचं नाहीये. पुढच्या गुरुवारी परत यायचंय आणि आई म्हणते, "तू ये उडत, मी झेलमने येते." हा वास कसला? पुन्हा आला तर काय करायचं? आणि निघताना पुण्यात खिडकीच्या वरून पांढरा धूर येत होता, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

भटकभवानी:

ओला रुमाल नाकाला लावायचा, सोपं. नाहीतर ते वरून पडणारे ऑक्सिजन मास्क सोडायला सांगायचे, आपला हक्कच आहे तो.

स्पॅनर:

भवानीताई, रागावू नका, पण मास्कचं तेवढं चुकीचं आहे. विमानांच्या देखभालीत २२ वर्षं काढली म्हणून सांगतो. ते मास्क केबिनमधला दाब गेला तर वापरायचे. त्यात नळीतल्या ऑक्सिजनबरोबर केबिनची हवाही मिसळते, म्हणजे वास नाकात जातोच. पुरतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. आणि कुठे आग असेल तर जास्तीचा ऑक्सिजन म्हणजे आगीला खाऊ. वैमानिकांचे मास्क वेगळे, त्यात शुद्ध ऑक्सिजन घेता येतो.

आता वास. बहुतेक विमानांत केबिनची ताजी हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढून घेतात. आम्ही तिला ब्लीड एअर म्हणतो. ती पॅकमध्ये, म्हणजे विमानाच्या एसीच्या यंत्रात, थंड होऊन आत येते. इंजिनातलं तेल अडवणारी सील झिजली, किंवा उतरताना इंजिनाची ताकद कमीजास्त झाली, की थोडं तेल त्या गरम हवेत जातं. वास नेमका ओल्या मोज्यांचा. हायड्रॉलिकचं द्रव गळलं तर वास उग्र, घशाला झोंबणारा. जमिनीवर रांगेत पुढच्या विमानाचा धूर आत आला तर रॉकेलसारखा, तो उडाल्यावर निघून जातो. प्रवाशाने "घाण वास" म्हटलं की आम्हाला काहीच कळत नाही. "मोजे" म्हटलं की कुठे बघायचं ते कळतं.

हवेतले बारीक कण गाळणारे हेपा फिल्टर असतात ना, असं कोणीतरी विचारणारच. असतात, पण केबिनमध्ये पुन्हा फिरवलेल्या जवळपास निम्म्या हवेसाठी. इंजिनाकडून येणारी हवा त्यांतून जात नाही, आणि हेपा कण अडवतो, वाफ नाही. बोइंग ७८७ मध्ये केबिनची हवा इंजिनातून घेतच नाहीत, वेगळे विजेचे कॉम्प्रेसर असतात. पण पुणे-दिल्लीला तुम्हाला ते कुठून मिळणार!

पुण्यातला तो पांढरा धूर म्हणजे धुकं. दमट हवेत थंड हवा सोडली की होतं, पावसाळ्यात रोजचं आहे. त्याला वास नसतो.

कडूकाढा:

पेशाने डॉक्टर. आईंना आता कसं वाटतंय? धाप, छातीत घट्टपणा असेल तर आजच दाखवा, धाग्यावर थांबू नका. कार्बन मोनॉक्साइडसाठी रक्ततपासणी असते, पण ती काही तासांत करावी लागते. दोन दिवसांनी त्यात काही दिसणार नाही, उगाच पैसे घालवू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका, तो कार्बन मोनॉक्साइडलाच ऑक्सिजन समजतो.

एन-९५ वाफ अडवत नाही, ओला रुमालही नाही. रुमाल धुराचे कण थोडे रोखतो, इतकंच. खरा उपाय म्हणजे पंप खिशात. वरच्या कप्प्यात नाही, पायाजवळच्या बॅगेतही नाही. खिशात.

खिडकीवाली:

आई बरी आहे, कालपासून धाप नाही. पंपासाठी तिच्या परकरालाच खिसा शिवतेय. स्पॅनरकाका, क्रूला सांगून उपयोग होतो का? मला तर उडवूनच लावलं.

स्पॅनर:

होतो, नेमकं सांगितलं तर. "कॅप्टनना कळवा" हे शब्द वापरा. ज्या विमानांत दोन पॅक असतात त्यांत वैमानिक एकेक बंद करून वास कुठून येतोय ते शोधू शकतात, पण त्यांना कळलं तर! कॉकपिटमध्ये वास पोचलेलाच असेल असं नाही. ते ही गोष्ट हलक्यात घेत नाहीत. डिसेंबर २०१० मध्ये जर्मनीत कोलोन-बॉनला उतरताना दोन्ही वैमानिकांना वासाने गरगरलं होतं, मास्क लावून त्यांनी विमान उतरवलं. डोक्यावरची हवेची तोटी बंद करून फार फरक पडत नाही, भिंतीच्या जाळीतूनही तीच हवा येते.

उतरल्यावर विचारा, "टेक लॉगमध्ये नोंद झाली का?" टेक लॉग म्हणजे विमानातल्या बिघाडांची नोंदवही. नोंद झाली की पुढच्या उड्डाणाआधी कोणीतरी बघणं भाग असतं.

खिडकीवाली:

कंपनीला मेल लिहिलाय: "आपल्या विमानात भयंकर दुर्गंधीमुळे माझ्या आईला अतोनात त्रास झाला. तरी योग्य ती कारवाई व्हावी." ठीक आहे?

स्पॅनर:

ताई, यावर क्षमायाचनेचं छापील उत्तर येईल. उड्डाण क्रमांक, तारीख, आसनाची रांग, वास किती वाजता सुरू झाला, तेव्हा विमान खाली येत होतं, वास ओल्या मोज्यांसारखा, किती मिनिटं टिकला, कोणाला काय झालं. एवढंच लिहा. "भयंकर" आणि "अतोनात" काढा. हेच एअरसेवावरही, म्हणजे विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरही टाका.

खिडकीवाली:

काढले. रांग १९, वेळ ५.४०. शेजारच्या काकांचे बूट मात्र लिहिलेले नाहीत.